कंडेन्सरचं पाणी

आधी एक सांगते, मी अजून बी चिडलेली हाय. घरचे म्हणतेत, झालं ना आता, पास झालीस, मार्क बी बरे पडले, सोड की. पास झाले, कबूल. पण त्या दिवशी परीक्षकांसमोर जे बोलायचं होतं ते घशातच राहिलं आणि अजून बी तिथंच अडकलेलं हाय. म्हणून एका दमात टाइप करून राहिले.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी लातूरच्या एका कॉलेजात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, ऑरगॅनिक केमिस्ट्री. घर चाकूर तालुक्यात. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, म्हणून टँकर आमच्याकडं कधीच आधी आला न्हाई. वरच्या आळीचे हौद भरले, ड्रम भरले, कुणाची म्हैस धुऊन झाली, की मग उरलंसुरलं आमच्याकडं. हे मी रडगाणं म्हणून सांगत न्हाई. पाणी कुणाला आधी आणि कुणाला मागून, हे मला पाढ्यासारखं पाठ हाय, आणि तेच कॉलेजात दिसलं तेव्हा माझं डोकं फिरलं, एवढंच.

माझा प्रोजेक्ट होता अमाइनपासून आयसोथायोसायनेट बनवायचा. नावाला घाबरू नका. मोहरी चावली की नाकात जो झटका बसतो ना, तो याच घराण्यातला. अमाइन घ्यायचं, म्हणजे साधं अ‍ॅनिलिन समजा, त्यात कार्बन डायसल्फाइड आणि अमोनिया घालायचा, थंडगार ठेवून ढवळायचं. पिवळसर मीठ तयार होतंय. त्या मिठात दोन गंधक असतेत, त्यातला एक काढून घेतला की झालं आयसोथायोसायनेट. सगळा खेळ हा, की तो एक गंधक ओढायचा कशानं.

आमच्या लॅबमध्ये तो शिशानं ओढायचे. लेड नायट्रेट ओतलं की सगळं काळंभोर होतंय, डांबरावानी, कारण शिसं गंधकाला धरून खाली बसतंय. मग त्या काळ्या रबड्यात वाफ सोडायची. वाफेवर बसून तेल वर येतंय, काचेच्या नळीतून पुढं जातंय, आणि तिथं थंड होऊन थेंबथेंब पडतंय. त्या नळीला कंडेन्सर म्हणतेत. नळीच्या बाहेर अजून एक नळी असती आणि त्या दोन्हीच्या मधून सारखं गार पाणी फिरत ठेवावं लागतंय. खालून पाणी आत, वरून पाणी बाहेर. चालू केलं की तासन्‌तास. दुष्काळात.

आता कुणी बी विचारंल, की ज्या गावाला रेल्वेनं पाणी येतंय तिथं हे कसं काय चालत होतं. सांगते. कॉलेजनं लॅबसाठी खास टँकर लावला होता, का तर परीक्षेची प्रॅक्टिकलं अडायला नकोत. आणि मुलींच्या होस्टेलला काय? होस्टेलला नळ. नळाला काय? हवा. प्राचार्यांनी लॅबच्या दारावर सूचना लावली होती, प्रयोगशाळेचं पाणी फक्त प्रयोगासाठी. बेसिनच्या नळांना कुलपं. हात धुवायला सुद्धा मामांना विचारायचं. मामा म्हणजे लॅबचे शिपाई, खालच्या आवाजात बोलणारे, मिशीत हसणारे.

पण सूचनेत एक भोक राहिलं होतं. कंडेन्सरमधून एकदा फिरून बाहेर आलं, की ते पाणी वापरलेलं. सांडपाणी. त्याच्यावर कुणाचं कुलूप न्हाई. आणि ते असतंय कसं? एकदम स्वच्छ, काचेतून आलेलं, कशाला शिवलेलं न्हाई, वरून कोमट.

पहिली बादली कुणी लावली ठाऊक न्हाई. मी प्रोजेक्ट सुरू केला तेव्हा लॅबच्या मागच्या खिडकीतून रबरी नळी बाहेर सोडलेली होती आणि खाली पेंटच्या रिकाम्या बादल्यांची लाइन होती. अख्खं होस्टेल त्या नळीवर जगत होतं. प्यायला जार, बाकी सगळ्याला कंडेन्सर. पोरी मामांना कशा विचारायच्या, ऐका.

"मामा, आज कुणाचं उकळूलालंय?"

"आज मेथॉक्सीवाल्या बाईचं हाय. लई रेंगाळतंय ते. कपडे बी घेऊन या."

"आणि उद्या?"

"उद्या साधं अ‍ॅनिलिन. दोन डोकी धुवून होतील, जास्त न्हाई."

मराठी साहित्याच्या, इतिहासाच्या पोरी, ज्यांनी बारावीनंतर केमिस्ट्रीचं तोंड बघितलं न्हाई, त्यांना पाठ झालं होतं की मेथॉक्सीवालं तेल जड असतंय, वाफेवर हळूहळू येतंय, म्हणून पाणी जास्त मिळतंय. मला बघितलं की म्हणायच्या, ताई, आज जड काहीतरी बनव ना गं.

माझ्या खोलीत एक धर्माबादची पोरगी होती. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, गणितात लई हुशार, मला अक्का म्हणायची. वडील मिरचीच्या अडतीवर कामाला. तिच्या मोठ्या बहिणीला अकरावीतून काढलं होतं, अशाच एका उन्हाळ्यात, पाणी न्हाई म्हणून घरी ये म्हणले आणि मग परत पाठवलंच न्हाई. आता हिचा भाऊ फोन करून राहिला होता. रेक्टर मॅडमनी बी सांगून टाकलं होतं, की पाण्याची सोय न्हाई झाली तर होस्टेल खाली करू, पेपरापुरतं येऊन जा. बाकीच्यांना ते चालण्यासारखं होतं. हिला न्हाई.

"अक्का, मी एकदा गेले ना, की पेपराला बी येत न्हाई बघ," ती म्हणली. "भाऊ म्हणंल कोण एवढ्या लांब घेऊन जाणार. आई रडंल. संपलं."

"तुझा भाऊ काय करतो?"

"मोबाईल बघतो."

म्हणजे कळलं ना, ती नळी चालू राहणं म्हणजे काय होतं तिच्यासाठी.

आता ते शिसं. काळा रबडा लॅबच्या मागं खड्ड्यात टाकायचा असं ठरलेलं होतं. पण दुष्काळात आमच्या माणसांच्या हातून पाणी फेकवत न्हाई, ते कसलं बी असो. घरात आंघोळीचं पाणी कपड्याला, कपड्याचं फरशीला, फरशीचं संडासाला, असं करत करत ते पाणी सुटतंय. मामांनी बी तसंच केलं. रबडा बादलीत निवळू द्यायचा, काळं खाली बसलं की वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ठेवायचं, फरशी पुसायला. एक थेंब वाया न्हाई. पण त्या नितळ पाण्यात उरलेलं लेड नायट्रेट विरघळलेलं असतंय, आणि ते दिसत न्हाई, वास येत न्हाई. बादल्या सगळ्या एकसारख्या, पांढऱ्या, पेंटच्या.

एका दुपारी मी खोलीवर आले तर धर्माबादवाली खाली बसून तांदूळ धूत होती. कॉइलच्या शेगडीवर भात लावायचा होता. बाजूला बादली. मी सहज बघितलं, तर बुडाला बारीक काळी कड. मी पहिल्यांदा पातेल्याला पाय मारला. तांदूळ, पाणी, पातेलं, सगळं पलंगाखाली.

ती उठून उभी राहिली. "येडी झालीस का अक्का? पाणी सांडतीस?"

तांदळाचं नाव काढलं न्हाई तिनं. पाणी म्हणली.

"ही बादली कुठून आणलीस?"

"लॅबच्या मागून. दाराजवळ होती. नळीखालची भरायला वेळ होता, मग मी म्हणलं ही तर भरलेलीच हाय."

"कालची बी हीच होती का?"

"न्हाई, काल नळीखालची. का? काय झालंय?"

मी तिला लॅबमध्ये घेऊन गेले. उरलेल्या पाण्यातलं थोडं परीक्षानळीत घेतलं आणि त्यात पोटॅशियम आयोडाइडचे दोन थेंब टाकले. नळी पिवळी झाली. हळदीवानी, दुधात हळद टाकल्यावर होतंय तशी, गच्च. मग नळीखालच्या बादलीतलं पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले. काही न्हाई, तसंच नितळ.

ती दोन्ही नळ्या उजेडाला धरून बघत राहिली. "हे पिवळं माझ्या भातात गेलं असतं?"

"हाव."

मामा मागं उभे होते. त्यांचं तोंड उतरलं. "मी तर फरशीसाठी ठेवलो होतो, बाई," म्हणले. मामांवर मला राग न्हाई. पाणी जपणं चूक असतंय असं त्यांना कुणी कधी सांगितलंच न्हाई. आमच्याकडं असं कोण सांगंल?

राग मला सरांवर आला. सर म्हणजे माझे गाईड, विभागाचे प्रमुख. माणूस वाईट न्हाई, शिकवतेत बी चांगलं. पण त्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. त्यांच्या गावाकडं नव्या जिल्ह्याची मागणी जोरात होती, बॅनर, बंद, रास्ता रोको, आणि सर त्या समितीत. आम्ही रीडिंग घेऊन केबिनमध्ये जायचो तर सर फोनवर, कोणता तालुका कुणाच्या जिल्ह्यात जाणार हे वाटून राहिलेले.

मी सांगितलं. बादली, भात, पिवळी नळी, सगळं.

सर म्हणले, "बादल्यांना लेबल लावा."

"सर, पाणी दिसलं की लोक उचलतेत. लेबल कोण वाचणार?"

"मग ती उचलणाऱ्याची चूक. मुलींनी लॅबच्या मागे यायचंच कशाला?"

"पाण्याला येतेत सर."

"होस्टेलच्या पाण्याचा विषय माझ्याकडे नाही. हे बघ, एकदा जिल्हा झाला ना आपला, की हे पाण्याचे सगळे प्रश्न आपोआप सुटतील."

जिल्हा काय पाइपलाइन हाय का? असं माझ्या तोंडावर आलं होतं. लातूर जिल्हा होऊन किती वर्षं झाली, आमच्या आज्ज्या सांगायच्या जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले होते. पेढे संपले, घागर हाय तिथंच हाय. पण मी फक्त एवढंच म्हणले, की सर, लेड बंद करू या, दुसऱ्या पद्धती असतेत.

"मी पीएचडीला अशीच बनवलीत. लेड नायट्रेटचा अख्खा डबा पडलाय, तो कोण संपवणार?"

डबा संपवायचा म्हणून शिसं वापरायचं. मी बाहेर आले.

मग मी शोधलं. होस्टेलच्या गच्चीवर, जिथं नेटवर्क येतंय तिथं, ओढणी डोक्यावर घेऊन मोबाईलवर संशोधनाचे पेपर वाचत बसले. आणि बघते तर काय, गंधक ओढायला जगात कायकाय वापरतेत. कुणी आयोडीन, कुणी अजून काय. एक पद्धत अशी सापडली की मी उठूनच उभी राहिले. अमोनियाच्या जागी ट्रायएथिलअमाइन, आणि शिशाच्या जागी टोसिल क्लोराइड. टोसिल क्लोराइड तर आमच्या कपाटात होतं, बीएस्सीची पोरं अमाइन ओळखायच्या टेस्टला वापरतेत ते. म्हणजे औषध घरात, आणि आम्ही विष ढवळत बसलेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी सुरू केलं. सकाळीच करावं लागतंय, कारण कार्बन डायसल्फाइड शेहेचाळीस अंशाला उकळतंय आणि लातूरचा पारा त्याच्या जवळपासच फिरत होता. बस स्टँडच्या रसवंतीवरून बर्फ आणला, रसवंतीवाला म्हणला, ताई, तुमची लॅब माझ्यापेक्षा जास्त बर्फ खाती. बर्फात फ्लास्क, त्यात अ‍ॅनिलिन, ट्रायएथिलअमाइन, कार्बन डायसल्फाइड हळूहळू. पिवळं मीठ झालं. मग टोसिल क्लोराइड चिमटी चिमटीनं. आणि पिवळा रंग फिका होत गेला, आणि काही वेळातच नाकात तो झटका. मोहरीची फोडणी करपल्यावानी. माझ्या डोळ्यातून पाणी आलं, थोडं त्या वासानं आणि थोडं कशानं ते मला ठाऊक.

इथिल अ‍ॅसिटेटमध्ये काढून घेतलं, पातळ अ‍ॅसिडनं धुतलं, फ्यूम हूडमध्ये बशीत ठेवलं. एवढ्या उकाड्यात इथिल अ‍ॅसिटेट उडायला काय लागतंय. टीएलसीवर, म्हणजे भेसळ बघायच्या पट्टीवर, एकच ठिपका, म्हणजे माल शुद्ध. मग क्लोरोवालं बी केलं, ते तर पुस्तकात घन लिहिलेलं, आणि आमच्या लॅबमध्ये दुपारी बाटलीत पातळ होऊन बसायचं, एवढं ऊन. सगळी नीट झाली. शिसं न्हाई, काळा रबडा न्हाई, वाफ न्हाई. कंडेन्सर लावलाच न्हाई.

मी एवढी खूश झाले की होस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिथल्या तिथं टाकलं. लेड बंद, वाफ बंद, पाणी बंद, आपली नवीन पद्धत जमली. वर फुगे, फटाके.

निळ्या खुणा होत गेल्या. मग मराठीच्या एका पोरीनं लिहिलं, "मग आंघोळ बी बंद का?"

मी मोबाईल हातात धरून उभी. मागच्या खिडकीतून बघितलं तर बादल्यांची लाइन तशीच लागलेली, आणि नळीतून एक थेंब न्हाई. धर्माबादवाली तिथंच उभी होती, तिची बादली पहिली.

"अक्का, आज काय बनवून राहिलीस?" ती खालून म्हणली.

"बनवलं. झालं."

"मग पाणी?"

तिला काय सांगू, की मी तुझ्या भातातलं शिसं काढायला गेले आणि तुझं पाणीच काढलं?

आणि तेवढ्यात सर आले. मेसेज फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला होता. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं न्हाई. म्हणले, "शाब्बास. अगं, हे तर प्राचार्यांना सांगायला पाहिजे. लॅबचा टँकरच बंद करता येईल. दुष्काळात पाणी वाचवणारा विभाग. पेपरात बातमी देऊ."

"सर, ते पाणी वाया जात न्हाई. मुलींकडं जातंय."

"ते अधिकृत नाही."

"पण जातंय ना."

"टँकर प्रॅक्टिकलसाठी मंजूर आहे. प्रॅक्टिकलला पाणी लागत नाही म्हटल्यावर कशाच्या नावाखाली मागवायचा?"

"होस्टेलच्या नावाखाली मागवा सर. तुम्ही विभागप्रमुख हाईत, एक शब्द टाका."

"मी सांगितलं ना, तो विषय माझ्याकडे नाही."

जिल्हा त्यांच्याकडं होता. सगळे तालुके त्यांच्याकडं होते. खिडकीच्या खाली उभी असलेली पोरगी तेवढी त्यांच्याकडं न्हवती.

मग मी जे बोलले ते रागानंच सुचलं. मी म्हणले, "सर, पण शुद्धतेचं काय? टोसिलचं उरलेलं राहिलं तर? नांदेडचे परीक्षक विचारतील. वाफेवर काढून घ्यावंच लागंल."

सरांनी टीएलसीची पट्टी हातात घेतली. यूव्ही दिव्याखाली धरली. "एकच ठिपका आहे."

"हाव सर. पण दिसत न्हाई असं बी असतंय काही."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग खिडकीकडं गेले, खाली बघितलं. तिथं पोरी उभ्याच होत्या, कुणीतरी बादलीवर बसून नोट्स वाचत होती. मला वाटलं, आता म्हणतील, चल, मी प्राचार्यांकडं जातो.

"फाइलमध्ये तूच लिहायचं," सर म्हणले. "तुझ्या जबाबदारीवर. परीक्षकांनी विचारलं तर मी मध्ये पडणार नाही."

म्हणजे त्यांना कळलं होतं. कळलं असून एवढंच. टँकर बंद करायचं त्यांनी प्राचार्यांना सांगितलं न्हाई, हे मान्य करते. पण एक साधं खरं बोलायचं सोडून सगळं माझ्या फाइलवर.

तर मग मी काय केलं, तयार झालेलं, शुद्ध असलेलं, एक ठिपकावालं तेल परत पाण्यात घातलं आणि त्यात वाफ सोडली. ज्याची काडीची गरज न्हाई ते. रोज. माझ्याबरोबर प्रोजेक्ट करणाऱ्या उमरीच्या पोरानं पहिल्या दिवशी डोक्याला हात लावला, म्हणला, "धुतलेले कपडे परत धुऊन राहिलीस." मग त्याला मागच्या खिडकीशी नेलं. दुसऱ्या दिवसापासून तो बी धुवायला लागला. लेड नायट्रेटचा डबा मामांनी कपाटात टाकून कुलूप लावलं, आणि किल्ली कुठं ठेवली ते मामांनाच ठाऊक. रबड्याच्या बादल्या फोडून टाकल्या. नळी चालू. रेक्टर मॅडमनी होस्टेल खाली करायची गोष्ट परत काढली न्हाई. धर्माबादवालीनं भावाला फोनवर सांगितलं, "इथं गरम पाणी हाय, तुझ्याकडं हाय का?"

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेचा दिवस आला. धर्माबादवालीचे दोन पेपर राहिले होते. नांदेडहून परीक्षक आले, नाव मोठं, शर्ट इस्त्रीचा. बाजूला सर. आणि कधी न येणारे प्राचार्य नेमके त्या दिवशी येऊन बसले. कोपऱ्यात माझं वाफेचं सेटिंग चालूच होतं, कारण बाहेर लाइन होती.

परीक्षकांनी फाइल चाळली. पहिल्यांदा म्हणले, पद्धत छान निवडलीस, शिसं टाळलंस, चांगलं. मग पान उलटलं आणि थांबले.

"टीएलसीवर एकच ठिपका आहे."

"हाव सर."

"मग वाफेवर कशासाठी काढलं?"

"शुद्धतेसाठी सर."

"एक ठिपका शुद्धच असतो. या पद्धतीचा फायदाच हा की पाणी लागत नाही. तो सगळा फायदा घालवलास. प्रत्येक वेळी? रोज?" त्यांनी कोपऱ्यात चालू असलेल्या कंडेन्सरकडं हात केला. "बाहेर लोक पाण्यासाठी रेल्वेची वाट बघतायत, आणि तू इथं नळ सोडून बसलीस. तुमच्या पिढीला पाण्याची किंमतच नाही."

मला.

खालच्या वस्तीतल्या मला. जिनं शाळेत जायच्या आधी घागर लावलीय, जिच्या आईच्या कमरेला घागरीचा घट्टा हाय, तिला हा नांदेडहून एसी गाडीत आलेला माणूस पाण्याची किंमत सांगून राहिला. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. एका वाक्याचं काम होतं. उठा, या खिडकीशी, खाली बघा. बस.

मी सरांकडं बघितलं. सर फाइलचं पान उलटत होते, जे आधीच उलटलेलं होतं. मी प्राचार्यांकडं बघितलं. ते ऐकत होते, नीट, पुढं झुकून. मी तोंड उघडलं असतं तर संध्याकाळपर्यंत नळीला बूच बसलं असतं. आणि दोन पेपर राहिले होते.

"चुकलं सर," मी म्हणले.

"चूक मान्य केलीस हे बरं केलंस," परीक्षक म्हणले आणि काहीतरी लिहिलं.

मग त्यांनी माझी बाटली उघडून वास घेतला, आणि घेऊ नये एवढा घेतला. डोळे चोळत म्हणले, जरा हात धुवायला पाणी. मामांनी बाहेर जाऊन एक तांब्या आणला. परीक्षकांनी हात धुतले, तोंड धुतलं, मानेवरून ओला हात फिरवला.

"कोमट आहे की. सोलर बसवलंय का तुम्ही?"

"हाव साहेब," मामा म्हणले.

उमरीचं पोरगं खोकत खोकत बाहेर पळालं. प्राचार्य म्हणले, सोलर? सर म्हणले, नवीन आहे. पूर्ण उन्हाळ्यात सर आमच्यासाठी बोललेले ते दोन शब्द.

हसू आलं, पण राग गेला न्हाई. मार्क कापले त्याचा न्हाई. "चुकलं" म्हणावं लागलं त्याचा. माझ्या आयुष्यातलं एकच काम मी विचार करून, सगळ्या बाजूनं बघून, बरोबर केलं होतं, आणि त्याच कामाला मला भर खोलीत चूक म्हणावं लागलं. चुकलं न्हवतं. ज्यांनी लॅबला टँकर दिला आणि पोरींना हवा दिली, त्यांना कुणी फाइल उघडून विचारलं न्हाई की का.

शेवटच्या पेपरच्या दिवशी मी लॅब आवरत होते. कंडेन्सर उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळला, नळी गुंडाळली. धर्माबादवाली पेपर देऊन सरळ लॅबच्या मागं आली, हातात बादली, सवयीनं.

"आज काय बनवून राहिलीस?" खालून हाक.

"आज काहीच न्हाई. संपलं सगळं. पेपर कसा गेला?"

"सगळा सोडवला. एक गणित त्यांचंच चुकलं होतं, ते बी लिहून आले."

ती बादली उलटी टाकून तिच्यावर बसली. मी खिडकीत बसले. मामांनी खिडकीतूनच दोघींना चहा दिला.

संध्याकाळच्या गाडीनं ती निघाली. स्टेशनवर तिचा भाऊ आला होता, मोबाईल बघत. गाडी सुटायच्या आधी तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अक्का, निकाल लागू दे, मग बघू कोण अडवतंय. जूनमध्ये येते मी," म्हणली. "मामाला सांग, पाऊस पडला न्हाई तर जड काहीतरी लावून ठेवा."